अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन : पुराव्याची पार्श्वभूमी

शहापूर किंवा मुरबाडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बत्तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झालेली बाई आली, तर तिला कळव्याला किंवा ठाण्याला पाठवण्याआधी डेक्सामिथासोनचा (पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार करणारे स्टेरॉइड) पहिला डोस द्यावा, असे केंद्र सरकारची 2014 सालची मार्गदर्शिका सांगते. एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला, हा डोस देण्याची मुभाही या मार्गदर्शिकेनेच दिली. गर्भवतींना स्टेरॉइड देऊन पाहणाऱ्या मूळ चाचणीला तोवर 42 वर्षे उलटली होती.

सुरुवात न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांपासून झाली. प्रसूतीच्या कळा कशा सुरू होतात हे शोधताना प्रसूतितज्ज्ञ लिगिन्स यांना दिसले, की स्टेरॉइड दिलेली कोकरे फार लवकर जन्मूनही त्यांच्या फुप्फुसांत हवा शिरलेली होती. 1972 मध्ये लिगिन्स आणि त्यांचे सहकारी बालरोगतज्ज्ञ हॉवी यांनी 282 मातांवरील चाचणी प्रसिद्ध केली. बाळांचा श्वसनाचा त्रासही घटला होता आणि मृत्यूही. पुढे इतरत्र चाचण्या झाल्या, पण बहुतेक लहान. एकेकटीच्या निकालावरून ठाम काही सांगता येईना आणि औषध मागेच राहिले. 1979 मध्ये ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ आर्ची कॉक्रन यांनी डॉक्टरांना खडसावले, की आपण आपल्याच चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा ठेवत नाही. प्रसूतिशास्त्राला तर त्यांनी सर्वांत मागचा क्रमांक दिला.

1990 मध्ये 12 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला आणि फायदा स्पष्ट झाला. कॉक्रन यांच्या नावाने 1993 मध्ये स्थापन झालेल्या, चाचण्यांचे असे आढावे करणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या बोधचिन्हात यातल्याच चाचण्यांचा आलेख आहे. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. रेघ जितकी लांब तितकी अनिश्चितता. मधली उभी रेघ ‘फरक नाही’ ही जागा दाखवते. बऱ्याच आडव्या रेघा तिला छेदतात, पण सगळ्यांची बेरीज दाखवणारा खालचा चौकोन तिच्या स्पष्ट डावीकडे, म्हणजे फायद्याच्या बाजूला पडतो. हे गणित काही वर्षे आधी मांडले असते तर कितीतरी बाळे वाचली असती. भारतात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) वर्गणी भरून 2007 मध्ये कॉक्रन लायब्ररी, म्हणजे या आढाव्यांचा ऑनलाइन संग्रह, देशभर खुली केली.

खरा धडा मात्र पुढचा आहे. आढाव्यातल्या चाचण्या बहुतांश सुसज्ज रुग्णालयांतल्या होत्या. 2015 मध्ये सहा देशांतील मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात नागपूर आणि बेळगाव होते. गावपातळीपर्यंत स्टेरॉइड पोचवले, तरी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यू आणि मातांमधला जंतुसंसर्ग उलट वाढला. गर्भाचे वय बऱ्याचदा टेपने पोट मोजून ठरवलेले, आणि इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांना अपुऱ्या दिवसांचे बाळ झालेच नाही. मग 2020 मध्ये भारतासह पाच देशांतल्या 29 रुग्णालयांत, सोनोग्राफीने वय पक्के करून, 2852 मातांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. नवजात मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले. औषध तेच होते. बदलले ते गर्भाचे वय ठरवणे आणि बाळाची नंतरची काळजी.

म्हणून आढावा वाचताना एकूण आकड्याआधी चाचण्या कुठे, कोणत्या मातांवर, किती सोयींत झाल्या ते पाहावे. औषधाचा क्षारही, म्हणजे ते कोणत्या रासायनिक रूपात आहे तेही, पाहावा. परदेशी चाचण्यांतले बीटामिथासोन हे दुसरे स्टेरॉइड फॉस्फेट आणि ॲसिटेटचे मिश्रण आहे, म्हणून 12 मिग्रॅचे दोन डोस 24 तासांच्या अंतराने पुरतात; आपल्याकडे सहसा मिळते ते नुसते फॉस्फेट, त्याचा असर लवकर ओसरतो. त्यामुळे इथे डेक्सामिथासोन 6 मिग्रॅ, स्नायूत, दर 12 तासांनी, एकूण चार डोस. 2 मिलीच्या कुपीत 8 मिग्रॅ असते, म्हणजे दीड मिली घ्यायचे. अख्खी कुपी भरली की डोस चुकला.

मार्गदर्शिकेतली मर्यादा 24 ते 34 आठवड्यांची. पाळीची तारीख पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीशी ताडून पाहावी. आईला ताप किंवा दुर्गंधी स्राव असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये. रेफर चिठ्ठीवर डोस आणि दिल्याची वेळ लिहावी, नाहीतर वॉर्डात पहिला डोस पुन्हा दिला जातो किंवा दुसरा राहून जातो.