पार्श्वभूमी : ट्रकचा रोबोट होतो तेव्हा ट्रेलरचे काय होते?

ट्रकचा रोबोट होणारे नवे खेळणे बाजारात आले की जाणकार परीक्षक ते हातात घेऊन सर्वप्रथम ट्रेलरकडे पाहतो. कॅब, म्हणजे ट्रकचा चालक बसतो तो पुढचा भाग, उलगडून रोबोट उभा राहिला तरी मागचा लांबलचक ट्रेलर तसाच उरतो, आणि त्याला काही काम दिले आहे की तो नुसताच बाजूला ठेवायचा आहे, हे त्याला जाणून घ्यायचे असते. त्यानंतर मुठी आत वळतात की वेगळ्या लावाव्या लागतात, छातीवरच्या खिडक्या खरोखरच ट्रकच्या समोरच्या काचा आहेत की रोबोटसाठी चिकटवलेल्या बनावट काचा आहेत, गुडघा आणि कंबर हलते का, अशी तपासणी होते. हे निकष आज स्वाभाविक वाटतात. पण त्यांतला जवळजवळ प्रत्येक निकष १९८३ साली जपानमध्ये बॅटल कॉन्वॉय या नावाने तयार झालेल्या आणि पुढे ट्रान्सफॉर्मर्स मालिकेतला ऑप्टिमस प्राइम म्हणून ओळखल्या गेलेल्या एका खेळण्यातून आला आहे, आणि ते खेळणे घडवताना त्याच्या निर्मात्यांच्या मनात बोलणारा, विचार करणारा रोबोट नव्हताच. त्यांना चालकांनी चालवायचे यंत्र बनवायचे होते. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर या खेळण्यांच्या परीक्षणांतले निम्मे वाद कळत नाहीत.

या कुळाचे मूळ शोधू गेल्यास ते एका सैनिकाच्या बाहुल्यापाशी पोहोचते. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली जी. आय. जो हा सुमारे ३० सेंटीमीटर उंचीचा, सांधे हलणारा बाहुला बाजारात आणला. जपानच्या ताकारा कंपनीने त्याचा परवाना घेतला आणि १९७२ साली त्याच साच्याच्या आधारे पारदर्शक शरीराचा, आतली यंत्रे दिसणारा हेन्शिन सायबॉर्ग तयार केला. पुढच्याच वर्षी खनिज तेलाचे संकट आले आणि प्लास्टिक महागले. मोठे बाहुले परवडेनासे झाल्यावर ताकाराने १९७४ मध्ये मायक्रोमॅन ही जेमतेम १० सेंटीमीटर उंचीच्या आकृत्यांची मालिका काढली. आकृती लहान झाल्यामुळे तिला बसायला वाहन देता येऊ लागले, आणि खेळण्याचा भर हळूहळू माणसावरून यंत्राकडे सरकला. १९८० साली आलेल्या डायाक्लोन मालिकेत हे सरकणे पूर्ण झाले. तिथे माणसे उरली ती सुमारे ३ सेंटीमीटरची, पायात लोहचुंबक असलेली, आणि त्यांच्या भोवती उभे राहिले ते त्यांनी चालवायचे मोठमोठे रोबोट.

त्याच काळात जपानमधील इतर कंपन्याही रूपांतराच्या मागे लागल्या होत्या. पोपी या कंपनीने १९७४ पासून ओतीव धातूच्या वजनदार रोबोटांची चोगोकिन ही मालिका गाजवली होती, आणि १९७५ मध्ये पक्ष्याच्या आकाराच्या विमानात बदलणारा रायदीन हा रोबोट आणून दाखवला होता. पण ही रूपे काल्पनिक होती. रस्त्यावर दिसणाऱ्या वस्तूशी त्यांचे साम्य नव्हते. डायाक्लोनच्या १९८२ सालच्या कार रोबोट उपमालिकेने मात्र खऱ्या मोटारी निवडल्या, त्यांचे प्रमाण सुमारे साठास एक धरले आणि त्या ओळखू येतील इतक्या नेमक्या बनवल्या. रूपांतराच्या खेळण्यांतला मोठा पालट मला इथे दिसतो. काल्पनिक विमान थोडे वेडेवाकडे असले तरी कोणी तक्रार करत नाही, पण माहितीची मोटार चुकली की लहान मूलसुद्धा ती चूक दाखवते. परीक्षकाला तुलनेसाठी बाहेरच्या जगातला नमुना मिळाला तो इथून.

बॅटल कॉन्वॉय हा ट्रक १९८३ मध्ये याच मालिकेत आला. लाल कॅब, निळे पाय, चकचकीत क्रोमची उभी धुरांडी आणि मागे करड्या रंगाचा ट्रेलर. कॅब चपट्या नाकाची होती, म्हणजे इंजिन चालकाच्या पुढे नसून त्याच्या आसनाखाली असलेल्या अमेरिकी ट्रकांसारखी. बहुतेक जण तिचा नमुना म्हणून फ्राइटलायनर कंपनीच्या ट्रकांकडे बोट दाखवतात. अशा ट्रकांचा अमेरिकेत सुळसुळाट असण्याला कायदा कारणीभूत होता. अनेक राज्यांत ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा होती, त्यामुळे नाक जितके आखूड तितकी मालासाठी जागा जास्त, हा सरळ हिशेब होता. १९८२ च्या भूपृष्ठ वाहतूक कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवर एकूण लांबीची ही अट काढून केवळ ट्रेलरच्या लांबीचा विचार सुरू केला, आणि त्या कायद्यावर जानेवारी १९८३ मध्ये सही झाली. म्हणजे ज्या वर्षी हा खेळण्यातला ट्रक जन्मला त्याच वर्षी त्याच्या खऱ्या भावंडांची गरज संपू लागली. पुढच्या काही दशकांत लांब नाकाच्या ट्रकांनी अमेरिकी रस्ते व्यापले. आज चपट्या नाकाची लाल कॅब पाहिल्यावर अनेकांना खरा ट्रक न आठवता हा रोबोटच आठवतो, त्यामागे हे कारण आहे.

चपटे नाक रोबोटसाठी मात्र वरदान ठरले. समोरचा सपाट भाग जसाच्या तसा छाती होतो, काचेचे दोन भाग छातीवरच्या दोन खिडक्या होतात आणि खालची जाळी पोट होते. मूळ खेळणे, किंवा त्याची हुबेहूब पुनर्निर्मिती, हातात घेऊन हे करून पाहावे. कॅबच्या बाजूंना दडलेले हात मोकळे होतात, मागचा चाकांचा भाग सरळ होऊन पाय बनतो, पावले उलगडतात आणि छपराचा तुकडा फिरवताच निळे डोके वर येते. प्रत्येक टप्प्यावर प्लास्टिकचा हलका टक असा आवाज येतो आणि भाग जागेवर बसल्याचे बोटांना आधी कळते, डोळ्यांना नंतर. सगळे अर्ध्या मिनिटात होते. मग हात पूर्ण झाले असे वाटत असतानाच लक्षात येते की मनगटापुढे काहीच नाही. मुठी वेगळ्या आहेत आणि त्या खोबणीत बसवायच्या आहेत. नखाएवढ्या त्या दोन निळ्या मुठी किती घरांतून हरवल्या असतील याची गणती नाही. जुन्या खेळण्यांच्या खरेदी-विक्रीत मुठी जागेवर आहेत का, हा प्रश्न आजही पहिल्या काहींत असतो.

ट्रेलरकडे आता मूळ हेतूने पाहिले तर कोडे सुटते. बॅटल कॉन्वॉयचा ट्रेलर उघडून तळ बनत असे, त्यातून एक छोटी गाडी सुटत असे, आत क्षेपणास्त्रे डागणारा यांत्रिक बाहू होता आणि या सगळ्यावर ती ३ सेंटीमीटरची माणसे उभी राहत, बसत, लढत. रोबोटच्या छातीची काच उघडून आत चालक बसवता येत असे. ट्रेलर हा रोबोटचा अवयव नव्हता, चालकांचे ठाणे होते. त्या खेळात तो अत्यंत उपयोगी होता. तो पोरका झाला तो माणसे काढून टाकल्यावर.

माणसे काढली हॅस्ब्रोने. हेन्री ऑरेन्स्टीन हे पोलंडमध्ये जन्मलेले, नाझी छळछावण्यांतून वाचलेले आणि अमेरिकेत खेळण्यांचे संशोधक म्हणून नावारूपाला आलेले गृहस्थ. हॅस्ब्रो आणि ताकारा यांचा करार घडवून आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता. हॅस्ब्रोने डायाक्लोनचे आणि मायक्रोमॅनच्या मायक्रो चेंज या, कॅसेटसारख्या रोजच्या वस्तूंचे रोबोट होणाऱ्या उपमालिकेचे साचे घेतले आणि १९८४ मध्ये ते ट्रान्सफॉर्मर्स या एकाच नावाखाली आणले. दोन वेगवेगळ्या मालिकांतली, वेगवेगळ्या प्रमाणांची खेळणी एका छताखाली आल्यामुळे खऱ्या मापाची कॅसेट आणि साठास एक मापाची मोटार शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. त्यांना जोडणारी कथा मार्व्हल कॉमिक्सने दिली. कथेचा पहिला आराखडा जिम शूटर यांनी केला, बॅटल कॉन्वॉयचा जो नेता झाला त्याचे ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनिस ओनील यांनी सुचवले आणि बहुतेक इतर पात्रांची नावे व स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनी लिहिले. या कथेतला निर्णायक बदल एकच होता : हे रोबोट जिवंत आहेत, त्यांना चालक लागत नाहीत. जपानमध्ये मात्र १९८५ साली ही मालिका परतली तेव्हा या नेत्याचे कॉन्वॉय हे नाव कायम राहिले.

एका वाक्याच्या या बदलाने खेळण्याचे सगळे अर्थ फिरवले. रिकाम्या आसनाला कारण उरले नाही. ट्रेलरला तर दूरचित्रवाणी मालिकेतही जागा सापडली नाही. सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत ऑप्टिमस रूपांतरित होऊ लागला की ट्रेलर घरंगळत चित्राबाहेर जाई आणि गरज पडली की परत येई. दुसरीकडे पीटर कलन यांच्या धीरगंभीर आवाजाने या ट्रकला असे व्यक्तिमत्त्व दिले की मुलांच्या मनात तो आधी रोबोट आणि मग वाहन झाला. डायाक्लोनमध्ये क्रम उलटा होता. रोबोट जिवंत म्हटल्यावर तो वाकला पाहिजे, वळला पाहिजे, बोट दाखवून उभा राहिला पाहिजे, ही अपेक्षा आली. आणि सुमारे १५ सेंटीमीटरच्या त्या खेळण्याची कंबर व मांड्या जवळपास ताठच होत्या. पडद्यावरचा ऑप्टिमस आणि हातातला ऑप्टिमस यांच्यातली ही दरी भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजेच पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

खेळण्याला गुण देण्याची सवयही त्या पहिल्या खोक्यानेच लावली. खोक्याच्या मागे प्रत्येक पात्राची बुद्धी, बळ, वेग, धैर्य अशा आठ गुणांची आलेखपट्टी असे. ती साध्या डोळ्यांना रेघोट्यांचे जाळे दिसे आणि सोबतच्या लाल पारदर्शक पट्टीतून पाहिली की आकडे उमटत. लाल पट्टी डोळ्याला लावून आपल्या आणि दुसऱ्याच्या रोबोटची तुलना करणारी ती मुले या खेळण्यांचे पहिले परीक्षक होती, असे मी मनापासून मानतो.

व्यापाराच्या बाजूने वेळही अनुकूल होती. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९८४ मध्ये दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेची मर्यादा उठवली, आणि खेळण्यावर आधारलेल्या मालिकांना मोकळे रान मिळाले. टोंका कंपनीचे गोबॉट्स थोडे आधी आले होते, पण कथेच्या बळावर ट्रान्सफॉर्मर्स पुढे गेले. १९९१ मध्ये टोंकाच हॅस्ब्रोच्या ताब्यात आली. त्याआधी १९८६ च्या चित्रपटात नव्या खेळण्यांना जागा करून देण्यासाठी ऑप्टिमसला मारण्यात आले. जुना माल हटवावा तसा हा निर्णय घेतला गेला होता. मुले चित्रपटगृहात रडली, पालकांनी तक्रारी केल्या, आणि १९८७ च्या आरंभी त्याला मालिकेत परत आणावे लागले.

ट्रेलरचे उत्तर १९८८ साली पहिल्यांदा नीट दिले गेले. पॉवरमास्टर ऑप्टिमस प्राइममध्ये कॅबचा लहान रोबोट होतो आणि ट्रेलर उभा राहून त्याच्याभोवती मोठ्या रोबोटचे शरीर बनतो. उत्तर चोख होते, पण मोठा रोबोट विटेसारखा ठोकळा झाला. २००२ च्या आर्मडा मालिकेनेही ट्रेलर जोडण्याचाच मार्ग धरला. उलट अनेक आवृत्त्यांनी ट्रेलर गाळूनच टाकला आणि परीक्षकांची नाराजी ओढवून घेतली.

सांध्यांचा प्रश्न ट्रकने सोडवला नाही, प्राण्यांनी सोडवला. १९९६ च्या बीस्ट वॉर्स मालिकेत गोरिला, चित्ता, डायनोसॉर अशी रूपे आली आणि त्यांच्या हालचालींसाठी गोल सांध्यांचा सर्रास वापर सुरू झाला. ते तंत्र पुढे वाहनांकडे आले. त्याच्या जोरावर ताकाराने २००३ मध्ये मास्टरपीस मालिकेचे पहिले खेळणे काढले : सुमारे ३० सेंटीमीटरचा, धातूचे भाग असलेला, आत वळणाऱ्या मुठींचा कॉन्वॉय. त्याला ट्रेलर नव्हता. २०११ मधील दहाव्या क्रमांकाच्या मास्टरपीसने आकार कमी केला आणि ट्रेलर परत दिला. मधल्या काळात, २००६ मध्ये, ताकारा आणि टोमी या कंपन्यांचे विलीनीकरण झाले होते.

२००७ च्या चित्रपटाने पीटरबिल्ट ३७९ हा लांब नाकाचा ट्रक निवडला, कारण उंच रोबोट घडवायला मोठा ट्रक हवा होता. संगणकावर हजारो तुकडे सरकवणे शक्य होते. खेळण्याला बिजागऱ्या आणि खिट्ट्यांवरच भागवावे लागते. नाकाचा भाग छातीत कोंबताना पाठीवर पत्र्यांचे ओझे उरे, आणि काही खेळण्यांत खऱ्या काचा मागे दुमडून छातीवर बनावट खिडक्या लावल्या गेल्या. छाती खरी की खोटी हा वाद तिथून पेटला, आणि तो मला रास्त वाटतो. ज्या खेळण्याचा आनंदच मुळी एकाच वस्तूने दोन रूपे धारण करण्यात आहे, त्यात एक रूप चिकटवलेले असेल तर त्याचे गुण कापलेच पाहिजेत.

सुरक्षेच्या नियमांनीही मूळ आकाराला हात लावला. उडणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या स्प्रिंगा अमेरिकेत १९८४ सालीच दुबळ्या करण्यात आल्या होत्या, आणि २००२ च्या अमेरिकी पुनर्निर्मितीत टोकदार ठरू शकतील अशी क्रोमची धुरांडी आखूड केली गेली. दोन खेळणी शेजारी ठेवली तर धुरांड्यांवरूनच ओळखता येतात.

२०२१ मध्ये रोबोसेन कंपनीने आवाजी आज्ञेवर आपोआप रूपांतरित होणारा ऑप्टिमस ६९९ डॉलरला विक्रीस आणला. त्यात सांधे फिरवणाऱ्या २७ छोट्या विद्युत मोटर (सर्व्हो) आहेत. अभियांत्रिकी म्हणून ते काम थक्क करणारे आहे, पण त्यात बोटांना करण्यासारखे काही उरत नाही, त्यामुळे त्याला इतरांच्याच मापाने गुण देणे अवघड जाते. ताकारा टोमीने २०२४ च्या मिसिंग लिंक मालिकेत नेमकी उलटी वाट धरली. पहिल्या क्रमांकाचे खेळणे म्हणून त्यांनी तोच १९८३ चा कॉन्वॉय घेतला, बाहेरून जवळपास तसाच ठेवला आणि मूळ खेळण्यात जे अंग ताठ होते त्यात सांधे घातले. रूपांतर करताना हात जुन्याच सवयीने फिरतात, फक्त शेवटी रोबोटचा गुडघा वाकतो.