खाडा नको, पगारी रजेचा अर्ज द्या : मराठवाड्यातल्या कामगारांसाठी रजेचे नियम

जूनचा पहिला पाऊस पडला की वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधली हजेरी विरळ होते. कन्नड, वैजापूर, गेवराई, परतूरकडची पोरं पेरणीला गावी जातात. आठ दिवसांनी परत येतात, तेव्हा पगारात आठ खाडे कापलेले असतात. बजाजनगरात संध्याकाळी अर्ज लिहून देताना मी अशा कितीतरी जणांचा हिशेब मांडून पाहिलाय. दहा-बारा दिवसांची पगारी रजा त्यांच्या नावावर पडून होती, फक्त ती मागितलेली नव्हती. ज्यांनी मागितली होती त्यांनी सुपरवायझरला तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगण्याचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

कारखान्यात असाल तर

21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. कामगारांच्या दृष्टीने यातला मोठा बदल असा की पगारी रजेसाठी पूर्वी वर्षात 240 दिवस भरावे लागत, आता 180 पुरतात. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर.

दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस रजा मिळते. अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त उरला तर पूर्ण धरायचा, कमी असेल तर सोडून द्यायचा. 274 दिवस भरले तर 13.7, म्हणजे 14 रजा. 266 भरले तर 13. ले-ऑफ (काम नसल्यामुळे मालकाने घरी बसवलेले दिवस), बाळंतपणाची रजा आणि घेतलेली पगारी रजा हे दिवस 180 मोजताना धरले जातात, पण त्या दिवसांवर नवी रजा चढत नाही. रजेच्या मध्ये, आधी किंवा नंतर येणारी सुट्टी रजेत मोजत नाहीत. सोमवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत गावी राहिलात आणि मधला रविवार सुट्टीचा असेल, तर 9 नव्हे, 8 रजा खर्ची पडतात.

वर्षाच्या मधेच लागलात तरी हक्क जात नाही. उरलेल्या दिवसांच्या एक चतुर्थांश दिवस काम झालं की पुरे. 1 जुलैला लागलेल्याचे वर्षात 184 दिवस उरतात, त्याला 46 दिवस भरले की रजा लागू.

न घेतलेल्या रजांपैकी 30 पर्यंत पुढच्या वर्षी नेता येतात, त्यावरच्या रजांचे पैसे मागता येतात. वर्षअखेरीला मागणी केली तर शिल्लक रजेचेही पैसे घेता येतात. आणि रजा मागूनही नाकारली असेल, तर ती 30 ची मर्यादा न लावता पुढे जाते. नाकारल्याचा कागद हातात हवा तो यासाठी.

मॅनेजर आणि 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगाराचे सुपरवायझर या हिशेबात बसत नाहीत. सीएल म्हणजे किरकोळ रजा कारखान्याला या संहितेने बंधनकारक केलेली नाही. ती स्थायी आदेशातून (कारखान्याच्या नोकरीच्या लेखी नियमावलीतून) किंवा युनियनच्या करारातून येते, तिथे बघा.

ठेकेदाराकडे असाल तर

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. जालन्याच्या रोलिंग मिल असोत की वाळूजची असेंब्ली लाइन, ठेकेदाराच्या कामगाराला अकरा महिन्यांनी ब्रेक देतात आणि पुन्हा नव्याने भरती दाखवतात. त्याला वाटतं, ब्रेक झाला, रजा गेली. तसं नाही. नोकरी सुटली, काढलं किंवा आपण सोडली, तर चढलेल्या रजेचे पैसे मिळतात, 180 दिवस भरले नसले तरी! तेही दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत. कामगाराचा मृत्यू झाला तर ते पैसे वारसाला दोन महिन्यांच्या आत मिळायला हवेत. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

माझ्या धाकट्या भावाचे असे 11 दिवसांचे पैसे एका ठेकेदाराने अडवले होते. भावाकडे नेमणूकपत्र नव्हतं, हजेरी कार्ड ठेकेदाराने परत घेतलं होतं. शेवटी पीएफ पासबुकातल्या महिनावार नोंदी पुढे केल्यावर पैसे निघाले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, दर महिन्याला हजेरी कार्डाचा मोबाइलवर फोटो काढा.

दुकान, शोरूम, हॉटेल, ऑफिस

इथे 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम चालतो. 2025 च्या दुरुस्तीनंतर तो 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू आहे. वर्षाला 8 किरकोळ रजा मिळतात, त्या तिमाहीला जमा होतात आणि डिसेंबरअखेर वाया जातात. 240 दिवस भरले की पुढच्या वर्षी 20 दिवसांमागे 1 पगारी रजा. साठवण 45 पर्यंत.

शिवाय 8 पगारी सणसुट्ट्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या 4 मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. लातूर-धाराशिवकडच्या कामगारांनी येळवस त्यात घालून घ्यावी. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं, मग आपण एकट्याने काउंटरवर का बसायचं? सणसुट्टीला काम करावं लागलं तर दुप्पट मजुरी आणि बदली सुट्टीही.

आजारपण आणि बाळंतपण

मजुरी 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर आजारपणात पगारी रजा संपवू नका. सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात 78 दिवसांचा हप्ता भरलेला असेल, तर वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. बाळंतपणाची रजा 26 आठवडे असते, दोन मुलं आधीच असतील तर 12.

अर्ज कसा द्यायचा

दुकान कायद्यात 15 दिवस आधीची मुदत लिहिलेली आहे, कारखान्यातही तेवढीच पाळा. मजकूर चार ओळींचा पुरे : "माझ्या नावावर पगारी रजा शिल्लक आहे. पेरणीसाठी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक दिवस रजा मंजूर करावी. मंजूर करणे शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे." वर नाव, तिकीट नंबर, विभाग, खाली सही. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही टाका, पण फक्त त्यावर विसंबू नका.

पैसे अडले तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. सोबत अर्जाची पोच, नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा किंवा बँकेचं पासबुक, पीएफ पासबुक, ईएसआय कार्ड आणि आधार यांच्या झेरॉक्स जोडा. मूळ कागद कुणाकडे ठेवू नका. मजुरीचा दावा 3 वर्षांच्या आत करता येतो. वेगळ्या कागदावर हिशेब मांडा : किती दिवस भरले, किती रजा चढल्या, किती घेतल्या, एका दिवसाची मजुरी किती, एकूण येणं किती. हा कागद तक्रारीच्या सगळ्यात वर लावा.