‘नेहमीचे काम’ म्हणजे कोणते? हृदयाची अकार्यक्षमता आणि रुग्णाचे जगणे

खान्देशात ‘त्याचे हार्ट फेल झाले’ असे म्हटले की ऐकणारा अंत्ययात्रा किती वाजता, एवढेच विचारतो. त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात ‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द कानावर पडताच नातेवाइकांचा धीर सुटतो. वास्तविक ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, तर ते शरीराला हवे तेवढे रक्त पुरवायला कमी पडणे; समोर बसलेला रुग्ण औषधांच्या आधाराने पुढे अनेक वर्षे काढू शकतो. ती वर्षे कशी जातात हे मोजण्याचा इतिहास मात्र फारसा जुना नाही.

डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळणाऱ्या औषधाचे गुण १७८५ मध्ये नोंदवले गेले, तेव्हापासून दीर्घकाळ वैद्यकाचे लक्ष सूज उतरण्यावर होते. रुग्णाच्या दिनक्रमाला आधार मानणाऱ्या चार श्रेणी अमेरिकेत १९२८ मध्ये ठरल्या आणि आजही केसपेपरवर रोमन आकड्यांत लिहिल्या जातात: नेहमीच्या कामाने त्रास होत नसेल तर पहिली, होत असेल तर दुसरी, त्याहून हलक्या कामानेही झाला तर तिसरी आणि बसल्या जागी झाला तर चौथी. सगळा गुंता ‘नेहमीचे काम’ या दोन शब्दांत आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड खांद्यावर घेऊन बागेबाहेर आणणाऱ्या मजुराचे नेहमीचे काम आणि जळगावातल्या निवृत्त शिक्षकाचे नेहमीचे काम एक नव्हे. हृदयाची अवस्था सारखीच असली तरी शिक्षक पहिल्या श्रेणीत राहील आणि मजूर दुसऱ्या. उलटही घडते. धाप लागू लागताच ज्याने घड उचलणे सोडले, त्याला ‘आता त्रास होतो का’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. कागदावर श्रेणी सुधारते आणि बुडालेली मजुरी कोणत्याच रकान्यात येत नाही. शिवाय श्रेणी ठरवतो डॉक्टर, आणि दुसरी की तिसरी यावर दोन डॉक्टरांचे एकमत होईलच असे नाही. हा दोष ठाऊक असूनही श्रेणींची ही पद्धत टिकली, कारण श्रेणी अर्ध्या मिनिटात लिहून होते.

१९८४ मध्ये तयार झालेल्या २१ प्रश्नांच्या प्रश्नावलीने प्रथमच उत्तर रुग्णाकडे सोपवले. कमाई करणे अवघड झाले का, हा प्रश्नही तिच्यात आहे. तिचे गुण ० ते १०५, आणि जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. २००० मधील २३ कलमांच्या प्रश्नावलीत मात्र १०० गुण म्हणजे उत्तम, त्यामुळे दोन्ही अहवाल शेजारी ठेवणाऱ्याची हमखास फसगत होते. या मोजमापांतून एक गोष्ट पुढे आली, ती टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद जपून ठेवणाऱ्यांना पटणे कठीण आहे: हृदय प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकते, या आकड्याचा रुग्णाच्या जगण्याच्या दर्जाशी संबंध क्षीण आहे. धाप, थकवा, सूज, वारंवार दाखल व्हावे लागणे, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह आणि विशेषतः नैराश्य यांचा संबंध त्याहून घट्ट आहे. लोहाची कमतरता असलेल्यांना शिरेतून लोह दिल्यास रक्तक्षय नसतानाही बरे वाटते, हे २००९ मध्ये दिसले. नंदुरबारच्या सातपुडा भागात हा निष्कर्ष जपून लावावा लागतो, कारण सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे आलेल्या रक्तक्षयात लोह कमी असेलच असे नाही.

केवळ बरे वाटण्यावर विसंबण्याचा धोका १९९८ मध्ये उघड झाला: एका औषधाने पहिले काही महिने रुग्णांना हुशारी आली, पण मृत्यू वाढले. २०१९ मध्ये मधुमेहाच्या एका गोळीने मधुमेह नसलेल्या रुग्णांतही मृत्यू आणि भरती कमी केली, आणि प्रश्नावलीचे गुणही सुधारले. या गोळीने लघवीवाटे साखर आणि पाणी जाते. जोडीला लघवीची दुसरी गोळी असतेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पाणी मोजून पिण्याचा सल्ला मिळालेल्या रुग्णाच्या गोळ्यांची मात्रा डॉक्टरला नव्याने ठरवावी लागते. वरील दोन्ही प्रश्नावल्यांत तहानेविषयी प्रश्न नाही.