तोंडओळखीची माणसं

अकरा वर्षं मी डोंबिवलीहून सकाळी ठरलेल्या एकाच लोकलने कामाला जात होते. बायकांच्या डब्यात, दारापासून तिसऱ्या बाकावर एक बाई कल्याणहूनच बसून आलेल्या असायच्या. कडा उसवलेली निळी डब्याची पिशवी, केसांत अबोलीचा छोटासा गजरा. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "कुठे उतरणार?" त्या म्हणाल्या, "घाटकोपर." तेव्हापासून घाटकोपर ते दादर ती जागा माझी. पुढे विचारायचीही गरज उरली नाही. विक्रोळी मागे पडली की त्या माझ्याकडे बघून भुवई उंचवायच्या आणि पिशवी खांद्याला अडकवायच्या.

त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या, तेव्हा हे पहिल्यांदा टोचलं. नातेवाइकांची, मैत्रिणींची खुशाली फोनवर कळत होती. या बाईंची चौकशी करायची तर कुणाकडे?

मराठीत अशा नात्याला नेमका शब्द आहे: तोंडओळख. आपण तो जरा कमी लेखूनच वापरतो. "ओळख कसली, नुसती तोंडओळख." पण समाजशास्त्र आणि मानसशास्त्र गेली पन्नासेक वर्षं या 'नुसत्या' ओळखीचा पाठपुरावा करत आहे, आणि जे हाती लागलंय ते मला फार मोलाचं वाटतं.

आज्ञापालनावरच्या विजेच्या झटक्यांच्या प्रयोगामुळे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम हे नाव अनेकांनी ऐकलेलं असेल. त्याच मिलग्रॅमने १९७२ मध्ये 'ओळखीचे अनोळखी' या विषयावर लिहिलं. न्यूयॉर्कला कामाला जाणाऱ्यांच्या गाड्या जिथे थांबतात, तिथे त्याच्या विद्यार्थ्यांनी सकाळी फलाटावर उभ्या असलेल्या लोकांचे फोटो काढले. प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक दिला, प्रती काढल्या आणि पुढच्या आठवड्यात त्याच गाडीत चढून त्या प्रवाशांमध्ये वाटल्या. यातलं कोण ओळखीचं वाटतं? कुणाशी कधी बोललात? सरासरी प्रवाशाला ओळखीचे, पण कधीच न बोललेले असे चार चेहरे निघाले. ज्यांच्याशी बोलणं झालं होतं असे दीडच.

मिलग्रॅमचं म्हणणं असं, की ही तुटकपणाची खूण नव्हे, हे नातंच आहे. शहरात दिवसभरात इतके चेहरे समोरून जातात की प्रत्येकाशी बोलायचं म्हटलं तर माणूस थकून जाईल. म्हणून दोघंही न ठरवता न बोलण्याचा करार करतात आणि तो पाळतात. जितकी वर्षं जास्त, तितकं तोंड उघडणं अवघड. मात्र तीच दोन माणसं नेहमीच्या जागेपासून लांब भेटली की करार आपोआप गळून पडतो. डोंबिवलीच्या फलाटावर वर्षानुवर्षं न बोललेल्या दोघी कोल्हापूरला अंबाबाईच्या रांगेत समोरासमोर आल्या, तर पहिलं वाक्य "अय्या, तुम्ही इथे?" हेच असणार.

मिलग्रॅमने सांगितलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. ब्रुकलिनमध्ये एक बाई रस्त्यात कोसळली. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या दुसऱ्या बाईने रुग्णवाहिका बोलावली. तेवढ्यावर न थांबता ती तिच्यासोबत रुग्णालयापर्यंत गेली, उपचार नीट होतात ना आणि तिच्या वस्तू जागेवर राहतात ना हे पाहायला. दोघी आयुष्यात एकदाही बोलल्या नव्हत्या. पण वर्षानुवर्षं एकमेकींना पाहत होत्या, म्हणून आपली खास जबाबदारी आहे असं तिला वाटलं. "शहरात माणुसकी उरली नाही" असं आपण सर्रास म्हणतो. मला ते पटत नाही. माणुसकी असते, ती बोलत नाही इतकंच.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने याच धाग्याचं दुसरं टोक पकडलं. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याने खबर दिली तो माणूस त्या काळात कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे होते १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६, आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून, आणि तिथवर पोचणारा पूल म्हणजे लांबची ओळख. लग्नं जुळवणाऱ्या घरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. स्थळ आलं कुठून विचारा, उत्तर येतं, "आत्याच्या शेजारणीच्या भावजयीने सुचवलं."

नोकऱ्या आणि स्थळं ठीक आहेत. पण याच ओळखीवर जीव तगतो, हे दिसलं शिकागोत. जुलै १९९५ मध्ये तिथे पारा ४१ अंशांवर गेला. नागपूर-चंद्रपूरकरांना हा आकडा नवा नाही, पण तिथे हवा दमट होती, रात्रीही उतार नव्हता, आणि विटांची घरं भट्टीसारखी तापली होती. एका आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. त्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती.

मूळचा शिकागोचाच असलेला समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग याने शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या. उत्तर लॉनडेल आणि दक्षिण लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे जवळपास सारखेच. तरी उत्तरेत लाखामागे ४० मृत्यू, दक्षिणेत ४. उत्तरेत कारखाने बंद पडले होते, दुकानं उठली होती, घरं ओस होती, रस्त्यावर जायची भीती. म्हातारी माणसं दार लावून आत बसली. दक्षिणेत दुकानांची रांग, फुटपाथवर वर्दळ, कोपऱ्यावर विक्रेते. वस्ती मुख्यतः मेक्सिकोहून आलेल्यांची होती, पण तिथे उरलेल्या जुन्या गोऱ्या म्हाताऱ्यांनाही त्या वर्दळीचा आधार झाला. पाव आणायला बाहेर पडावंसं वाटणं, गार दुकानात दोन मिनिटं टेकायला मिळणं, आणि आज अमके दिसले नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात येणं. एवढ्याने दहापट फरक पडला.

हे वाचलं आणि आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली आठवली. आईला तापाने चार दिवस अंथरूण धरावं लागलं, तेव्हा पाचव्या दिवशी तिने मला हाक मारली, "ताई, आजी कुठं हाईत? सोमवारपासनं दिसल्या न्हाईत." तिला आमचा मजला माहीत नाही. सोमवार मात्र पक्का लक्षात होता. आता आमची भाजीही बऱ्याचदा मोबाइलवरून येते, रोज नवा मुलगा पिशवी दाराशी ठेवून पळतो. त्याची धावपळ मला दिसते, त्याला दोष नाही. पण आई कुठे आहे हे तो विचारणार नाही, आणि ही उणीव मला मनापासून खुपते.

मानसशास्त्रज्ञ जिलियन सँडस्ट्रॉमला हा विषय टोरंटोतल्या एका हॉटडॉगवालीमुळे सुचला. शिकत असताना जिलियन रोज त्या बाईच्या हातगाडीसमोरून जायची, हसून हात करायची आणि तेवढ्याने तिला आपण इथले आहोत असं वाटायचं. २०१४ मध्ये तिने एलिझाबेथ डन यांच्यासोबत एका कॉफीच्या दुकानात काही गिऱ्हाइकांना काउंटरवर दोन शब्द बोलायला सांगितलं, काहींना झटपट काम उरकायला. बोललेले जास्त आनंदात बाहेर पडले.

१ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांपुरती लोकल सगळ्यांना खुली झाली. माझी कामाची वेळ बदलली होती, नेहमीची गाडी मिळायला आणखी बरेच महिने गेले. ज्या दिवशी मिळाली, त्या दिवशी तिसऱ्या बाकावर निळी पिशवी होती. गजरा नव्हता. तोंडावर मास्क. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि गाडी अजून मुंब्र्यालाही पोचली नव्हती तरी बाकावर अंग चोरून थोडं आत सरकल्या.

"टेका इथे," त्या म्हणाल्या. "घरी सगळे आहेत ना?"