किरणोत्सर्गाचा माग रक्तात आणि लघवीत

सप्टेंबर १९८७मध्ये ब्राझीलमधील गोइयानिया शहरात भंगार गोळा करणाऱ्यांनी एका बेवारस पडलेल्या इमारतीतील कर्करोगोपचाराचे यंत्र उचकटले आणि त्यातील सीझियम-१३७ची चमकणारी भुकटी घरोघर पोहोचली. पुढे सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. २४९ जणांना बाधा झाल्याचे आढळले आणि चौघे दगावले. अंगाला लागलेली भुकटी किरणोत्सर्ग-मापक दाखवतो, परंतु शरीरातून आरपार गेलेले गॅमा किरण मापकाला सापडेल असे मागे काहीच ठेवत नाहीत. उलट्या हे बाधेचे लक्षण, पण त्या तर भीतीनेही होतात. म्हणून कोणाला किती मात्रा लागली, याचा माग रक्तातील आणि लघवीतील रेणूंत शोधावा लागतो. २०१०मध्ये दिल्लीतील मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६०मुळे एका कामगाराचा बळी गेला, तेव्हा हा धोका आपल्याही दाराशी येऊन ठेपला होता.

उपचार न मिळाल्यास सर्वांगावर पडलेली सुमारे ४ ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) मात्रा निम्म्या लोकांचा जीव घेऊ शकते, आणि तरीही तेवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेच वाढते. घात उष्णतेने होत नाही. पेशीतील पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलके हे अतिक्रियाशील तुकडे तयार होतात, ती आवरताना ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूचा साठा खर्ची पडतो, आणि तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीला लागलेली विकरे एनएडी हा रेणू भराभर वापरतात. हाच एनएडी अन्नापासून ऊर्जा मिळवण्यासाठीही लागत असल्याने दुरुस्तीचा भार थेट चयापचयावर पडतो. शिवाय मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे अवशेषही मागे उरतात. किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांच्या लघवीत थायमिडीन आणि डीऑक्सियुरिडीन हे असे रेणू वाढलेले आढळले आहेत.

मात्रा ठरवण्याची आजची विश्वासार्ह चाचणी म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींतील विकृत गुणसूत्रांची मोजणी. मात्र त्यासाठी पेशी आधी सुमारे ४८ तास वाढवाव्या लागतात. रक्तातील अमायलेज हे पिष्ट पचवणारे विकर त्याहून लवकर, पहिल्या दिवसभरातच वाढते, कारण लाळग्रंथींना किरणांचा फटका लगेच बसतो. पण गालगुंडातही ते वाढते.

माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत बोलका रेणू सिट्रुलिन हा आहे. शरीर हे अमिनो आम्ल प्रथिने बांधण्यासाठी वापरत नाही आणि रक्तातील सिट्रुलिन मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी बनवतात. त्यामुळे त्याची पातळी म्हणजे त्या अस्तराची जणू हजेरीच. किरणोत्सर्गाने अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळपेशी मेल्या, तरी वरच्या जुन्या पेशी काही दिवस काम करतात. त्या झडल्या आणि जागा भरायला नव्या आल्या नाहीत, की सिट्रुलिन घसरते. म्हणजे पहिल्या दिवशी हा निर्देशक निरुपयोगीच. परंतु आतडे किती शिल्लक आहे हे तो सांगतो, आणि उपचार ठरवताना ग्रेमधील आकड्यापेक्षा ते अधिक मोलाचे असते. अर्थात, सिट्रुलिन पुढे मूत्रपिंडात खर्च होते, म्हणून मूत्रपिंडे निकामी असतील तर ते रक्तात साचते. कलिंगडातही ते भरपूर असल्याने नमुना उपाशीपोटी घेणे बरे.

एकाच रेणूवर भिस्त ठेवण्याऐवजी अनेकांचा संच तपासावा, असा संशोधकांचा कल आहे. अडचण माणसांवरील माहितीची आहे. ती बहुधा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी सर्वांगावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांकडून मिळते आणि त्यांचे चयापचय रोगाने व औषधांनी आधीच बदललेले असते. प्रयोगशाळेतील उंदीर एकाच वयाचे, एकाच वाणाचे आणि रोज तेच खाद्य खाणारे असतात. अपघातात सापडणाऱ्या गर्दीत मात्र मधुमेही, गरोदर, उपाशी आणि नुकतेच जेवलेले असे सगळेच असतात.