नरक्या

नरक्या हा सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा लहान वृक्ष. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. जुन्या ग्रंथांत मॅपिया फीटिडा. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा घाटमाथा आणि त्याला लागलेला चंदगड-आंबोलीचा टापू नरक्याच्याच मुलखातला. पावसाळ्यात फिकट पिवळ्या फुलांचे झुबके येतात आणि झाड दिसण्याआधी त्याची घाण नाकाला जाणवते. ‘घाणेरा’ हे दुसरे नाव त्यावरूनच. पिकलेले फळ जांभळट-काळे, आत एकच बी.

या झाडाला मोल आले ते कॅम्प्टोथेसिनमुळे. हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत बनणारे नत्रयुक्त द्रव्य, 1966 साली अमेरिकेत मन्‍रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षापासून वेगळे केले. पुढे 1972 मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवले. पेशी दुभंगताना डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-1 या विकराला ते अडकवून ठेवते, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात. मूळ द्रव्य पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि शरीराला फार बाधते. म्हणून त्यात फेरफार करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधे घडवली गेली. अमेरिकेत दोन्हींना 1996 मध्ये मान्यता मिळाली. नरक्याचा काढा हा कर्करोगावरचा घरगुती उपाय नव्हे, तो जिवावर बेतू शकतो. हे गावोगाव सांगायलाच हवे.

अभ्यासासाठी साल किंवा लाकूड सावलीत वाळवून भरड दळतात, मिथेनॉलमध्ये अर्क उतरवतात आणि त्याचा ठिपका घटक वेगळे करणाऱ्या सिलिकाच्या पट्टीवर चढवतात. साध्या उजेडात पट्टीवर फारसे काही दिसत नाही. अतिनील दिव्याखाली धरली की कॅम्प्टोथेसिनची जागा निळी चमकते. नेमके प्रमाण एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. किलोभर लाकडामागे ते जेमतेम ग्रॅमात भरते.

नेमके हेच नरक्याला भोवले. थोड्या औषधासाठी ढीगभर लाकूड लागते, आणि मुळांतही द्रव्य चांगले असल्याने झाड मुळासकट उपटले जाते. सह्याद्रीत त्याची चोरटी तोड आणि वाहतूक वर्षानुवर्षे चालली आहे. 2005 मध्ये नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन आढळले, तेव्हापासून झाड न तोडता द्रव्य मिळवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. बुरशी काही पिढ्यांनंतर ते बनवणे कमी करते, ही त्यातली मोठी अडचण. तोवर अभ्यासकाने मूळ न खणता पाने आणि कोवळ्या डहाळ्यांवर भागवावे, तेही वनखात्याची परवानगी घेऊन.