नासर गेल्यावर सादतच्या हातात नक्की काय होतं?

पुण्यात सदाशिव पेठ, शास्त्री रोडच्या अभ्यासिकांमधे बसणाऱ्या पोरांना इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासर तोंडपाठ असतो, सुएझ, आस्वान धरण, नेहरू-टिटो-नासर सगळं, आणि त्याच्यानंतर आलेला सादत म्हटलं की डायरेक्ट कॅम्प डेव्हिड, म्हणजे १९७८ चा इस्राएलशी समझोता. मधली १९७० ते ७३ ही वर्षं कुणी धड वाचतच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तिथेच आहे, म्हणून जरा मागचं लिहितोय.

नासर २८ सप्टेंबर १९७० ला गेला, हार्ट अटॅक, वय फक्त ५२. जॉर्डनचा राजा हुसेन आणि पॅलेस्टिनी यांच्यातली लढाई थांबवायला कैरोत अरब नेत्यांची बैठक भरली होती, ती उरकली, शेवटच्या पाहुण्याला विमानतळावर निरोप दिला आणि त्याच संध्याकाळी संपलं. अंत्ययात्रेला लाखो माणसं. त्याच्यावर लोकांचा किती जीव होता ते बघायचं तर १९६७ घ्या. सहा दिवसांच्या युद्धात इस्राएलने इजिप्तचं अख्खं सिनाई, सुएझ कालव्यापलीकडचा वाळवंटी भाग, घेतलं, नासरने ९ जूनला टीव्हीवर राजीनामा जाहीर केला आणि कैरोची पब्लिक रस्त्यावर उतरली, की तू जायचं नाहीस. युद्ध हरलेल्या माणसाला लोक जाऊ देत नाहीत, आता त्याच्या जागी जो बसेल त्याची काय हालत होणार विचार करा.

बसला अन्वर सादत. १९५२ ला लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला हटवलं त्या क्रांतीची घोषणा रेडिओवर यानेच वाचली होती, पुढे संसदेचा सभापती, डिसेंबर १९६९ ला उपराष्ट्राध्यक्ष. पण स्वतःचा गट म्हणावा असा नाही. ऑक्टोबरमधे सार्वमत झालं, त्यात त्याला ९० टक्के पडली. आपल्याला हे लँडस्लाइड वाटेल, पण समोर दुसरा उमेदवार नव्हता आणि नासरला ९९ च्या वर पडायची, त्यामुळे कमी पडलेली मतंच सगळ्यांच्या डोळ्यात भरली.

खरी सूत्रं दुसऱ्यांकडे. अली साबरीकडे पक्ष म्हणजे अरब सोशालिस्ट युनियन, शारावी गोमाकडे गृहखातं आणि पोलीस, सामी शराफकडे राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस, जनरल फौजीकडे युद्धखातं. यांना वाटलं हा सह्या करेल, कारभार आपण बघू. इंदिरा गांधींना 'गुंगी गुडिया' समजणाऱ्या सिंडिकेटचा, म्हणजे काँग्रेसमधल्या जुन्या बड्या नेत्यांचा, हिशोब अगदी हाच होता, आणि मार्च १९७१ ला इंदिराबाई प्रचंड बहुमताने आल्या त्यानंतर दोनच महिन्यांनी कैरोतही या मंडळींचा हिशोब चुकला.

निमित्त झालं लिबिया-सीरियाबरोबरच्या संघराज्याचं. एप्रिलमधे सादतने करार केला, पक्षाच्या समितीत साबरीने उघड विरोध केला आणि बहुमत साबरीकडे निघालं. २ मे ला सादतने त्याला काढला. मग एका पोलीस अधिकाऱ्याने रात्री फोन टॅपिंगच्या टेप आणून दिल्या, त्यात या मंडळींचं सादतविरुद्धचं आपसातलं बोलणं. १३ मे ला गोमाला काढलं तर बाकीच्यांनी एकदम राजीनामे दिले आणि रेडिओवर जाहीर पण करून टाकले, हिशोब असा की आता सरकारच कोसळेल. पण ६७ ला लोक रस्त्यावर आले होते ते नासरसाठी, यांच्यासाठी कोण येणार? सादतने राजीनामे सरळ मंजूर केले. लष्करप्रमुख सादिक आणि रिपब्लिकन गार्डचा प्रमुख नासिफ त्याच्या बाजूने राहिले, त्यामुळे फौजीच्या मंत्रिपदाचा काही उपयोग झाला नाही, आणि सगळे आत गेले. साबरीला फाशी सुनावली, नंतर ती जन्मठेप झाली.

इथे बहुतेक लोक 'सादतने पकड मिळवली' म्हणून पान उलटतात, मला ते अजिबात पटत नाही. विरोधक तुरुंगात गेले म्हणून लोक त्याचे झाले नव्हते. त्याने १९७१ हे 'निर्णयाचं वर्ष' म्हणून जाहीर केलं होतं, म्हणजे इस्राएलशी युद्ध किंवा तोडगा, आणि वर्ष तसंच कोरडं गेलं. जानेवारी १९७२ ला त्याने भाषणात कारण दिलं ते भारत-पाक युद्धाचं, की रशिया तिकडे गुंतला, त्या धुक्यात आमचा निर्णय राहिला. आपण ज्या डिसेंबरला ढाक्याचा विजय म्हणून ओळखतो तो डिसेंबर हा माणूस कैरोत सबब म्हणून सांगत होता! कैरो युनिव्हर्सिटीची पोरं भडकली, आंदोलनं झाली, अटका झाल्या.

जुलै १९७२ ला त्याने हजारो रशियन लष्करी सल्लागार परत पाठवले, ज्यांच्या शस्त्रांवर सैन्य उभं होतं त्यांनाच. आणि मग ६ ऑक्टोबर १९७३, दुपारी इजिप्तचं सैन्य सुएझ कालव्यापलीकडे, इस्राएलच्या ताब्यातल्या सिनाईत गेलं, पलीकडचा वाळूचा उंच बांध पंपाने पाण्याचे फवारे मारून फोडला. पुढे इस्राएली सैन्यही कालवा ओलांडून अलीकडे आलं, इजिप्तच्या तिसऱ्या आर्मीला वेढा पडला, रणांगणावर बाजू उलटली होती. तरी कैरोत लोकांनी धरून ठेवलं ते कालवा ओलांडणं, आणि नासरच्या नावाने मिळालेल्या खुर्चीवर तीन वर्षांनी पहिल्यांदा सादतचं स्वतःचं असं काहीतरी जमा झालं.